घरचा धंदा : नाशिकचे धुंडिराज फाळके आणि त्यांचे कुटुंब

१९१२ सालचा पावसाळा. दादरच्या मथुरा भवनात रात्रीची जेवणे उरकली, मुले झोपली, की एका खोलीची दारे-खिडक्या घट्ट बंद होत आणि काळोखात काम सुरू होई. त्या काळी परदेशातून येणारी कच्ची फिल्म कोरी असे, तिच्या कडांना भोके नसत. ती भोके आपणच यंत्राने पाडून घ्यायची. आणि उजेड लागला तर फिल्म वाया जाणार, म्हणून अंधारात बोटांच्या अंदाजाने पाडायची. हे काम धुंडिराज गोविंद फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटात सोळा चित्रे, एका चित्राला दोन्ही कडांना मिळून आठ भोके, असा हिशेब केला तर पडद्यावर फिरणाऱ्या केवळ एका प्रतीला जवळजवळ पावणेपाच लाख भोके लागतात. वाया गेलेली फिल्म आणि मूळ निगेटिव्ह वेगळीच.

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांना आपण सगळेच ओळखतो. त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार आहे, गोरेगावची चित्रनगरी आहे, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. मात्र ‘जनक’ म्हणून त्यांना उंचावर बसवल्यामुळे एक गोष्ट नजरेआड झाली आहे. फाळके हे आधी कारागीर होते. हाताला येईल ते कसब शिकणारे, त्यावर पोट भरणारे, बुडाले तरी दुसरे कसब घेऊन पुन्हा उभे राहणारे कष्टकरी गृहस्थ. त्यांनी काढलेला चित्रपट हा पहिल्या दिवसापासून घरचा धंदा होता. लोहाराच्या भात्यापाशी किंवा कुंभाराच्या चाकापाशी जसे सारे घर राबते, तसे फाळक्यांचे घर कॅमेऱ्यापाशी राबले. त्यांचे मोठेपण या घराला वगळून सांगता येत नाही.

हातातली कसबे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील गोविंद सदाशिव तथा दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्यांच्या घरातल्या मुलाने पोथी धरावी अशी रीत. या मुलाने कुंचला धरला. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे थोरल्या भावाच्या आधाराने बडोद्याला गेला. सयाजीराव गायकवाडांच्या त्या संस्थानात प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन उभे राहिले होते. देशी तरुणांनी हुन्नर शिकावा, नुसत्या कारकुनीवर जगू नये, हा त्या संस्थेचा हेतू. फाळके तिथे रंगकाम, शिल्प, वास्तुकला आणि छायाचित्रण शिकले. आदर्श नाट्यगृहाच्या एका प्रतिकृतीला १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. तीन रंगांचे ठसे बनवण्याची विद्या शिकण्यासाठी ते रतलामला जाऊन राहिले.

त्यानंतर त्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ थाटला. कॅमेरा माणसाचा जीव शोषून घेतो असे समजणारी गिऱ्हाइके समोर होती, तरी धंदा चालू होता. तेवढ्यात प्लेग आला. फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल त्या साथीत दगावले. तिशीच्या उंबरठ्यावर सगळा संसार मोडला आणि ते बडोद्याला परतले.

पुढची काही वर्षे त्यांनी मिळेल ते काम केले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलेच आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले. १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. माहेरच्या करंदीकर असलेल्या या वधूचे सासरचे नाव सरस्वती. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नकाशे काढणारा आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी लागली. महिन्याच्या महिन्याला पगार येणार, याहून संसारी माणसाला अधिक काय हवे? पण वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उसळली आणि फाळक्यांनी सरकारी नोकरी सोडून दिली.

लोणावळ्याला त्यांनी ठसे आणि छपाईचा स्वतःचा कारखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांची छपाई करणारा प्रसिद्ध छापखाना जवळच मळवलीला होता. त्याचे काम फाळक्यांकडे येई. देवादिकांची रंगीत चित्रे ज्या दगडांवरून छापून महाराष्ट्राच्या घराघरांत गेली, त्या शिळाछापाच्या कामात फाळक्यांचे हात मुरले. पुढे कारखाना दादरला हलला, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने वाढला. १९०९ मध्ये नवी यंत्रे आणि रंगीत छपाई पाहण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. उत्तम छपाईसाठी त्यांच्या कारखान्याचे नाव झाले. मग भागीदारांशी बिनसले आणि फाळके आपल्याच कारखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडले.

आता हा सगळा प्रवास एकत्र पाहावा. चित्रकला, नेपथ्य, शिल्प, छायाचित्रण, अंधाऱ्या खोलीतले रसायनांचे काम, ठसे, छपाई, जादू. चित्रपट काढायला जी जी कसबे लागतात ती चाळिशीच्या माणसाच्या हातात आयती गोळा झाली होती. ही कसबे एकाएकी आली नाहीत. पंचवीस वर्षांची उमेदवारी त्यांच्यामागे होती, आणि त्या उमेदवारीत दोन वेळा सर्वस्व गेले होते.

वाटाण्याचे रोप

१९११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. येशूच्या जागी त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले, हे त्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत सांगितले आहे. त्यांनी पत्नीलाही तो चित्रपट दाखवला. त्यानंतरचे महिने त्यांनी चित्रपटगृहांच्या वाऱ्या करण्यात आणि रात्र-रात्र जागून प्रयोग करण्यात घालवले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी दृष्टी परत आली, तेव्हा फाळके पुन्हा त्याच कामाला बसले.

पैसा नव्हता. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा वॉल्टन येथील स्टुडिओ आतून पाहायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, भोके पाडायचे यंत्र आणि छपाईचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले.

भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला त्यांनी जे केले, ते अस्सल कारागिराचे काम होते. कुंडीत वाटाणा पेरला आणि सुमारे महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. बी फुटते, कोंब वर येतो, वेल वाढते, हे सगळे पडद्यावर मिनिटभरात घडले. ‘अंकुराची वाढ’ या छोट्या चित्रपटामुळे छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी तारणावर कर्ज द्यायचे कबूल केले. बाकीची तजवीज घरातून झाली. सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

याच सुमारास, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईत दाखवला गेला होता. त्याचा मान कमी करण्याचे कारण नाही. पण तो चालत्या नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला गेली. फाळक्यांचा निश्चय वेगळा होता. भोके पाडण्यापासून प्रत काढण्यापर्यंत प्रत्येक काम इथे, आपल्या छपराखाली, आपल्या माणसांच्या हातांनी व्हायला हवे.

मथुरा भवनातली माणसे

दादरच्या त्या घराचा कारखाना झाला. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. पात्रांचे कपडे त्या धूत आणि तयार ठेवीत. दिवसा उन्हात चित्रण चाले तेव्हा उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. रात्री फिल्मला भोके पाडणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे. पतीने शिकवले आणि त्या शिकल्या. आज चित्रपटाच्या शेवटी ज्या कामांसाठी डझनावारी नावे येतात, त्यातली कितीतरी एका बाईने मुले सांभाळून पार पाडली.

चित्रपटात काम करणे तेव्हा हलके समजत. म्हणून नटांना सांगून ठेवले होते की कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहे’ म्हणावे. तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला महिना पंधरा रुपयांवर घेतले; आधी त्याला दहा मिळत. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दबके. कॅमेरा चालवायला फाळक्यांचे त्र्यंबकेश्वरचे मित्र तेलंग. त्यांना फाळक्यांनी स्वतः तयार केले. रोहिदासाच्या भूमिकेलाही कोणी आपला मुलगा देईना, कारण तो पडद्यावर मरायचा होता. तेव्हा फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र उभा राहिला.

वांगणीच्या मुक्कामातला एक प्रसंग फाळक्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. खेळताना भालचंद्र दगडावर पडला आणि बेशुद्ध झाला. त्याच्यावर उपचार झाले, आणि त्याच अवस्थेत रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य फाळक्यांनी चित्रित करून घेतले. हा प्रसंग कौतुकाने सांगण्याची प्रथा आहे. मला तो कौतुकाने सांगता येत नाही आणि दोषही देता येत नाही. एक मूल प्लेगमध्ये गमावलेला हा बाप. पत्नीचे दागिने, विमा, घरातले सामान सगळे या फिल्मच्या रिळांत गुंतलेले. काम थांबले तर साठ-सत्तर माणसांचे अन्न थांबणार होते. घर आणि धंदा एकच असला की बापाचे काळीज आणि मालकाची जबाबदारी अशी एकमेकांत अडकते. हातावर पोट असलेल्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसमोर आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात जनतेसमोर तो आला आणि चालला. घराने टाकलेला डाव यशस्वी झाला.

नाशिकचे दिवस

यश मिळाल्यावर फाळक्यांनी त्याच साली मुंबई सोडली आणि बिऱ्हाडासकट कारखाना नाशिकला आणला. कारणे साधी होती. गोदावरी, तिचे घाट, देवळे, डोंगर, झाडी ही पौराणिक कथांची तयार रंगभूमी इथे होती. रामाच्या वनवासाची कथा सांगायला पंचवटीहून योग्य जागा कोणती? शिवाय त्र्यंबक हे जन्मगाव, म्हणजे हा आपला मुलूख.

नाशिकला कंपनीची माणसे एकाच आवारात राहत, एका पंगतीत जेवत. फाळके कडक होते. वेळेची, कामाची आणि वागणुकीची शिस्त सर्वांना सारखी. पण नोकर आणि मालक असे अंतर तिथे नव्हते. ‘मोहिनी भस्मासुर’ हा इथला पहिला चित्रपट. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय पडद्यावर स्त्रिया आल्या त्या आई आणि मुलगी अशा जोडीने. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या कामाची तिथल्या जाणकारांनी वाखाणणी केली. तिथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणे आले, ते त्यांनी नाकारले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते नाशिकला परतले. आता कच्ची फिल्म मिळणे दुरापास्त झाले, सावकारांनी हात आखडते घेतले आणि अनेक माणसांचे बिऱ्हाड डोक्यावर उभे. त्या ओढगस्तीतूनच १९१७ चा ‘लंकादहन’ निघाला. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. लोकांनी तो डोक्यावर घेतला. मद्रासेकडे तिकिटांच्या नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागल्या असे सांगतात.

१९१९ चा ‘कालिया मर्दन’ आजही बऱ्याच अंशी पाहायला मिळतो, आणि फाळक्यांचे कुटुंब समजून घ्यायला त्याहून चांगला पुरावा नाही. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. गोष्ट सुरू होण्यापूर्वी ती आपल्या नेहमीच्या रूपात प्रेक्षकांसमोर येते आणि हसू, राग, आश्चर्य असे एकेक भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. मग तीच मुलगी कृष्ण होते, यमुनेत उडी घेते, कालियाशी झुंजते. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही, कारण कॅमेऱ्यामागे तिचा बाप आहे. असा विश्वास पगार देऊन मिळत नाही.

भागीदार आले, घर गेले

‘लंकादहन’च्या पैशाने मुंबईच्या व्यापाऱ्यांचे लक्ष वेधले. १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी नाशिकला स्थापन झाली. भांडवल त्यांचे, कसब फाळक्यांचे. प्रथमच पैशाची विवंचना मिटली. पण घरच्या धंद्याची रीत आणि भागीदारीची रीत जुळेना. एका दृश्यासाठी किती दिवस घालवायचे, किती फिल्म खर्चायची, कोणाला कामावर ठेवायचे, हे आता हिशेबाच्या वहीत ठरू लागले. लोणावळा-दादरच्या छापखान्यात जे झाले तेच पुन्हा झाले. फाळके कंपनीतून बाहेर पडले आणि कुटुंब घेऊन काशीला गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाटकाने पैसा दिला नाही. १९२२ च्या सुमारास ते नाशिकला परतले आणि आपणच उभारलेल्या कंपनीत पगारावर काम करू लागले.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने पडद्याला आवाज दिला आणि मूकपटांचा बाजार उठला. फाळक्यांच्या ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो शेवटचा. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवात व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने चित्रपट व्यावसायिकांनी पाच हजार रुपयांची थैली जमवली, आणि त्यातून नाशिकला त्यांच्या घराची सोय झाली. लाखो रुपयांच्या उद्योगाला जन्म देणाऱ्या माणसाला उतारवयात वर्गणीचा आधार लागला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या चित्रपटकर्त्याची गोष्ट हीच आहे. तोही जादूगार, तोही आपले पडदे आपण रंगवणारा, स्वतःच्या स्टुडिओत स्वतः नट होणारा. युद्ध आणि मोठे भांडवल यांनी त्याला बुडवले, आणि म्हातारपणी तो पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावर खेळणी विकत बसला. चित्रपटाची पहिली पिढी हातकामाची होती. हातकामातून उद्योग उभा राहिला की कारागीर बाजूला पडतो. मात्र मेलिएसला जिवंतपणी शोधून काढणारे पत्रकार भेटले. आपल्याकडे पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, फाळके गेल्यावर पंचवीस वर्षांनी. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले आणि ते नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापले गेले. उमेदीची वर्षे ज्याने शिळाछापावर घालवली, त्या मुद्रकाला त्याच्याच गावच्या छापखान्याने दिलेली ही मानवंदना मला फार मोलाची वाटते.

नाशिककरांना एक विनंती

भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले असे मानले जाते. त्यातले जेमतेम तीसेक आज उरले आहेत, आणि त्यातलेही अनेक अपुरे. ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आपण जे पाहतो ती पहिली आणि शेवटची रिळे. ती १९१७ च्या नव्या आवृत्तीची असावीत असे अभ्यासकांचे मत आहे. जे वाचले ते बरेचसे चित्रपट-संग्राहक पी. के. नायर यांच्यामुळे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, आणि जुनी रिळे शोधण्यासाठी नायर फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत गेले.

नाशिकच्या स्मारकात फाळक्यांचे नाव आहेच. तिथे सरस्वतीबाईंचे नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लागले पाहिजे. भालचंद्र, मंदाकिनी, अण्णा साळुंके, तेलंग, दुर्गाबाई आणि कमलाबाई यांचीही नावे हवीत. शिळाछापाचा दगड, भोके पाडायचे यंत्र, फिल्म धुण्याची पात्रे अशा वस्तूंचा एक चालता कारखाना तिथे असावा. शाळेतल्या मुलांनी तो हाताने चालवून पाहावा म्हणजे त्यांना कळेल की हा उद्योग कोणत्या कष्टांतून आला.

आणि वाचकांना सांगणे एवढेच : नाशिक, त्र्यंबक, सिन्नर, येवला भागातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर कधी काळची हस्तपत्रके, छायाचित्रे, करारांचे कागद, फिल्मचे डबे अजून असू शकतात. वाडा पाडायला काढण्यापूर्वी एकदा नीट पाहा. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घेते. ती उन्हात ठेवू नका, स्वतः उलगडू नका, रद्दीत देऊ नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. फाळके कुटुंबाच्या कष्टांचा जो भाग हरवला आहे, त्यातला एखादा तुकडा आपल्या घरातही सापडू शकतो.